तीस म्हणजे किती

आई, मी खांबावर नाचायला शिकतोय. हो, खांबावर. स्टीलचा असतो, मनगटाएवढा जाड, जमिनीपासून छतापर्यंत सरळ, आणि त्याला धरून चढायचं, लटकायचं, गोल फिरायचं. तू असतीस तर आधी तोंडाला पदर लावून हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "आणि पडलास तर रे?" तर पडलोय. बऱ्याचदा पडलोय. पण सांगायचंय ते हे नाही. सांगायचंय तुझ्या डाव्या हाताबद्दल. तो माझ्यामुळे मिटला का, हे तू गेल्यावर नऊ वर्षं, मागच्या महिन्यापर्यंत, मी कुणाला विचारलं नव्हतं. तू होतीस तेव्हा तुलाही नाही विचारलं. तुला काय विचारणार, तू तर "नाही रे" म्हणाली असतीस. तुझा काय भरवसा.

झालं असं. मी आता एसी दुरुस्त करतो. दहावीचं गणित अडकलं ते अडकलंच, मग एकाच्या हाताखाली काम शिकलो, आता स्वतःची बॅग आहे, शिडी आहे, बाइक आहे. राहायला मांजरीला, वन आरकेमध्ये, भाड्यानं. बाबा गावाला काकांकडे असतात, फोनवर "जेवलास का" विचारतात आणि ठेवतात. या उन्हाळ्यात विमाननगरला एका डान्स क्लासमधून कॉल आला, एसी गार करत नाही म्हणून. जातो तर काय, हॉलमध्ये चार खांब आणि खांबावर बायका उलट्या लटकलेल्या. मी शिडी लावतोय, फिल्टर काढतोय, आणि डोळे कुठे ठेवायचे ते कळत नाही. शिकवणारी माझ्याच वयाची, सगळ्या तिला मॅम म्हणत होत्या. काम झालं आणि माझी जीभ वळवळली. म्हटलं, "मॅम, गॅस भरलाय. खांबांचं पण सर्व्हिसिंग करून टाकू का? मला चढायला शिडी लागत नाही." ती म्हणाली, "चढ ना. मग बोल." झालं. एवढ्या बायका बघतायत म्हटल्यावर मी कसला थांबतोय. चढलो दोन हात, आणि कामाच्या पँटीवर सर्रकन खाली, विहिरीत घागर सोडावी तसा. सगळ्या हसल्या. मला भारी वाटलं. मला लोक हसले की भारीच वाटतं, ते तुला माहितेय.

मग ती म्हणाली, "आता खाली बस. पाय सरळ. अंगठे धर पायाचे." धरायला गेलो तर हात गुडघ्याच्या जरा पुढे जाऊन थांबले. पुढे जाईचनात. तिनं विचारलं, "वय काय?" म्हटलं, "सत्तावीस." म्हणाली, "तुझं सांगितलंस. अंगाचं सांग. सत्तर दिसतंय." पुन्हा सगळ्या हसल्या, या वेळी मला तेवढं भारी नाही वाटलं. ती मागे आली, माझ्या पाठीवर तळहात टेकला आणि म्हणाली, "आता हलायचं नाही. तीस." आणि मोजायला लागली. एक. दोन. तीन. घाई नाही, काही नाही, प्रत्येक आकडा पूर्ण. मला वाटलं आठ-दहाला सोडेल. बाराला माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. पंधराला वाटलं, ही विसरली की काय. आणि सतरा-अठराच्या आसपास माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आई, आणि ते पोटऱ्यांचं नव्हतं. मला एकदम कळलं की तीस म्हणजे एवढं असतं. मी इतक्या वर्षांत तीस पूर्ण ऐकलेच नव्हते. ती म्हणाली, "एवढं दुखतंय तर सोड बाबा." म्हटलं, "नाही मॅम, मोजा तुम्ही." तिनं मोजलं.

तुला आठवत असेलच. मला तरी सगळं आठवतं. मी सोळाचा, तू मार्केट यार्डात लसूण निवडायला जातेयस, आणि एक दिवस निवडता निवडता तू तशीच एका बाजूला कलंडलीस. बाजूच्या बायकांना वाटलं डुलकी लागली. डावी बाजू गेली. बोलणं जरा जड झालं, पण टोमणे शाबूत राहिले. दवाखान्यातून घरी आणलं आणि मग ट्रस्टच्या दवाखान्यातल्या थेरपीवाल्या बाई दर गुरुवारी यायला लागल्या. त्यांनी मला शिकवलं. गरम पाण्यात टॉवेल पिळून हातावर ठेवायचा, तिळाचं तेल लावायचं, मग मनगट मागे, बोटं एकेक करून उघडायची आणि पूर्ण उघडली की धरून ठेवायचं. "तीस आकडे मोजायचे. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. हे नाही केलं ना, तर मूठ मिटत जाईल आणि मग नाही उघडायची." मला म्हणाल्या, तुला नाही. बाबा ट्रकवर, घरी मीच. कागद दिला त्यांनी, त्यावर हाताचं चित्र आणि रोजचे तीन चौकोन. केलं की बरोबरची खूण करायची.

पहिला आठवडा मी केलं. खरंच केलं. मग तुला दुखायचं आणि तू डोळे मिटून घ्यायचीस, आणि मी एकदा गंमत म्हणून मोजलं, "एक, दोन, साडेबारा, एकोणतीस, तीस!" तू डोळे उघडलेस आणि अशी हसलीस, अर्ध्या तोंडानं. म्हणालीस, "मास्तरांनी उगाच नाही नापास केलं तुला." झालं, मला तेच पाहिजे होतं. मग रोज नवीन मोजणी. कधी "एक, दोन, स्वारगेट, डेक्कन, तीस." कधी लिलाववाल्यासारखं, "दहा एक वार, वीस दोन वार, तीस, गेला माल!" तू हसायचीस आणि मी हात सोडायचो. बुधवारी संध्याकाळी आठवड्याचे एकवीस चौकोन एका बैठकीत भरायचो, दोन वेगळी पेनं घेऊन, मध्ये चहाचा एक डाग पाडून, म्हणजे कागद रोज वापरल्यासारखा दिसावा. आणि तू कॉटवरून बघत असायचीस. एकदा म्हणालीस, "मंगळवार रात्रीची खूण वाकडी काढ, लाइट गेली होती ना तेव्हा." मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे. किती हसलो आपण. शेजारची काकू दारात येऊन विचारून गेली काय झालं म्हणून.

तेव्हा नाही कळलं. मूठ एका दिवसात मिटत नाही ना. आधी करंगळी आत गेली, मग तिच्या शेजारचं बोट. पावसाळा संपता संपता अंगठा आत गेला आणि बाकीची बोटं त्याच्यावर बसली. गुरुवारी बाईंनी उघडायचा प्रयत्न केला आणि तू ओरडलीस. त्यांनी कागद उचलला. एकवीसच्या एकवीस खुणा. त्या माझ्याकडे बघत होत्या. विचारलं त्यांनी, "रोज करतोस ना रे? पूर्ण?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "करतो हो. एक दिवस सोडत नाही. माझंच अंग हट्टी." बाईंनी कागद परत ठेवला. मी मान डोलावली. नंतर मला तुझ्यावरच राग आला होता, हे पण सांगून टाकतो. का आला ते तेव्हा कळलं नाही.

असो. तर मी त्या क्लासला नाव घातलं. रविवार सकाळची बॅच, मी एकटा पुरुष. पहिल्याच दिवशी अशी माती खाल्ली की विचारू नकोस. मला अंग ताणायचं म्हणजे काय, तर एकच पद्धत माहीत, तुझी. म्हणून घरून निघताना पायांना गरम टॉवेल गुंडाळला, वरून तिळाचं तेल चोळलं, छान मुरवलं आणि गेलो. खांबावर हात ठेवला, पाय गुंडाळला आणि थेट जमिनीवर. पुन्हा. पुन्हा. माझ्या नंतर त्या खांबावर एक आयटीवाली मुलगी चढली, तीही सर्रकन खाली. मॅमनी खांबावरून बोट फिरवलं, वास घेतला. "हे काय लावलंयस?" "तिळाचं तेल, मॅम." "खांबावर चढायचंय का कढईत पडायचंय?" मग सगळ्यांना पंधरा मिनिटं थांबवून चारही खांब स्पिरिटनं पुसायला लावले मला. इथे उलटं असतं आई, कातडी कोरडी लागते, कातडीनंच स्टील धरायचं असतं. मांडीच्या आतल्या बाजूला काळेनिळे डाग पडतात. सगळ्या विचारत होत्या, तेल कुणी लावायला सांगितलं तुला? म्हटलं, सवय आहे. त्यांना वाटलं पैलवान असेन.

घरी रोज सकाळी करतो, कामाला जायच्या आधी. भिंतीला पाय लावून, दाराच्या चौकटीला खांदा लावून, पेपरात गुंडाळलेल्या दोन विटांवर हात टेकून. एक पाय पुढे, एक मागे, आणि मध्ये मी फाटत चाललेलो. मॅमनी त्यांचा जुना खांब दिला, स्क्रू फिरवला की छत आणि जमिनीच्या मध्ये घट्ट बसणारा. तो जिन्यानं वर आणत होतो तर वरच्या मजल्यावरचे काका भेटले, बँकेतून रिटायर. "हे काय आणलंस रे?" आता सरळ सांगायचं ना? पण नाही. म्हटलं, "काका, तुमच्या हॉलचा स्लॅब माझ्या डोक्यावर उतरतोय. टेकू देतोय. तुम्ही घाबरू नका, फक्त जड कपाट जरा भिंतीकडे घ्या." दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका, सोसायटीचे सेक्रेटरी आणि चार माणसं. काकांनी रात्रीतून दोन कपाटं सरकवली होती आणि काकूंना सोफ्यावर बसायची बंदी केली होती. सेक्रेटरी खांब हलवून बघतायत, छताला टकटक करतायत. "बिल्डरला नोटीस पाठवायची का ते सांगा फक्त." मग मला बोलावंच लागलं. "टेकू नाहीये काका. नाचायचा आहे." काका खांबाकडे बघत होते, मग माझ्या चड्डीकडे, मग परत खांबाकडे. म्हणाले, "त्यापेक्षा स्लॅब पडला असता तर बरं होतं." आणि निघून गेले.

मी दार लावलं आणि एवढा हसलो की खाली बसलो. आणि बसल्यावर एकदम गप्प झालो. कारण मी मान वळवली होती कॉटकडे. या घरात कॉटच नाही. तू या घरात कधी आलीच नाहीस. पण काकांचं ते वाक्य झाल्या झाल्या मी तुझ्याकडे बघायला वळलो, नऊ वर्षांनी. माझं असंच होतं. गंमत करतो, लोक हसतात, आणि मग जी एक जागा बघायची असते ती रिकामी. मग मी चटईवर बसलो, पाय लांब केले आणि मोजलं. मी आता नीट मोजतो. एकही आकडा खात नाही. माझे हात अंगठ्यांना लागतात आता. मॅम म्हणतात, एवढ्या कमी दिवसांत एवढं मोकळं झालेलं अंग मी बघितलं नाही, काय करतोस तू? काही नाही, म्हटलं. तीस म्हटलं की तीस करतो. त्याचाच जास्त त्रास होतो. आकड्यांनी खरंच उघडतं, हे मला माझ्याच अंगावर रोज दिसतंय. सत्तर वर्षांचं झालेलं अंग उघडतंय. मग तुझं?

म्हणून मागच्या महिन्यात त्या बाईंकडे गेलो. तुझ्या फायलीतल्या कागदावर त्यांचा नंबर होता, तोच अजून चालू निघाला. आता शनिवार पेठेत स्वतःचं छोटंसं सेंटर आहे त्यांचं. केस पांढरे झालेत. मी जाऊन समोर बसलो. "बोला, काय दुखतंय?" म्हटलं, काही नाही. आणि सगळं सांगितलं. साडेबारा, स्वारगेट, दोन पेनं, चहाचा डाग. त्यांनी मध्ये एकदा घड्याळ बघितलं, पण ऐकलं. मग म्हणाल्या, "मला तुझी आई आठवत नाही रे. खोटं कशाला बोलू. आठवड्याला चाळीस घरं करायचे मी." मला ते लागलं, पण ठीक आहे. म्हटलं, "बाई, एवढंच सांगा. मी पूर्ण मोजलं असतं तर मूठ उघडी राहिली असती का?" त्यांनी टेबलावरची पट्टी सरळ केली. "राहिली असती कदाचित. किंवा नसती. नीट करणाऱ्यांच्याही मिटलेल्या बघितल्यात मी. आणि न करणाऱ्यांच्या उघड्या राहिलेल्याही." "म्हणजे?" "म्हणजे मला नाही सांगता येणार. आणि मी 'तुझा दोष नाही' म्हटलं तर तू ते ऐकून घेशील आणि बाहेर जाऊन दुसऱ्या कुणाला विचारशील." मग दाराकडे बघून हाक मारली, "पुढचे या."

जिना उतरून खाली आलो आणि बाइकला किल्ली लावून तसाच उभा राहिलो. दोषी म्हटलं असतं तर चाललं असतं. माफ म्हटलं असतं तरी. हे मधलंच काहीतरी हातात ठेवून पाठवलं त्यांनी. आणि तिथे उभा असताना मला आपली ती एक दुपार आठवली, जी मी बाईंना सांगितली नव्हती. सगळं सांगितलं म्हणतो, पण ती नव्हती सांगितली.

दिवाळीच्या आधीची दुपार. तू उठून भिंतीला टेकून बसलीयस. मी तेलाची बाटली घेऊन येतो, मोजायला नवीन काहीतरी जुळवून आणलंय, क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं, आणि तू म्हणतेस, "आज खरं मोज रे." हसत नाहीस. म्हणतेस, "दुखलं तरी मोज. मला ओरडू दे." मी बोटं उघडतो, कशीबशी उघडतात. एक, दोन, तीन. तू दात आवळून बसलीयस, आवाज नाही. अकरापर्यंत येतो आणि मी हात सोडतो. "फोन वाजतोय माझा," म्हणतो आणि बाहेर जातो. परत येतो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपलेली असतेस. त्यानंतर तू पुन्हा कधी म्हणाली नाहीस, आणि मी पुन्हा स्वारगेट-डेक्कन सुरू केलं, आणि तू पुन्हा हसायला लागलीस. तुझ्या शेवटच्या दिवसापर्यंत हसायचीस.

फोन वाजला नव्हता, आई. कंटाळाही नव्हता आला, मॅचही नव्हती, तुझं दुखणं बघवत नव्हतं असंही नाही. लोकांना मी तेच सांगतो, आईचं दुखणं बघवायचं नाही म्हणून भराभर मोजायचो. ते ऐकून लोकांचे डोळे भरतात. खरं असं आहे की तुझी मूठ सतत बंद असायची, घामानं आतली कातडी पांढरी पडायची, नखं रुतायची, आणि ती उघडली की आतून एक आंबूस वास यायचा. मला किळस यायची. तीस आकडे तो हात हातात धरून बसायला मला नको वाटायचं. हसवण्याची युक्ती त्यातून निघाली. तू हसलीस की सोडायला मिळायचं.

एसीच्या कामाच्या पॅडवर लिहितोय हे, मागच्या कोऱ्या बाजूला. पत्ता नाही म्हणून हे पत्र राहतंय असं नाही. पत्ता असता तरी टाकलं नसतं. तू भिंतीकडे वळून झोपली होतीस त्या दुपारी तुला कळलं होतं की काय, एवढीच भीती आहे मला अजून.